वुडस्टॉक रोडवरचं जुनं इस्पितळ

ऑक्सफर्डला आलेला पाहुणा बहुधा कॉलेजं पाहून परततो. मी सेंट जाइल्सच्या रुंद रस्त्याने उत्तरेला निघालो. वुडस्टॉक रोड सुरू होताच डाव्या हाताला रॅडक्लिफ इन्फर्मरी लागते. अंगणात कारंजं, त्यात शंख फुंकणारा ट्रायटन आणि मागे साधी, भारदस्त दगडी इमारत. 2025 पर्यंत तिथे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग होता.

राजवैद्य जॉन रॅडक्लिफ 1714 साली वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून हे इस्पितळ उभं राहिलं आणि 1770 मध्ये, वैद्यांचा संत मानल्या जाणाऱ्या ल्यूकच्या सणाला, उघडलं. 1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा येईपर्यंत ते मुख्यतः देणग्यांवरच चाललं.

पण मला इथवर आणलं ते 12 फेब्रुवारी 1941 या तारखेने. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई इथे मरणाच्या दारात होता. जंतुसंसर्गाने चेहरा पुवाने भरला होता, एक डोळा काढावा लागला होता. त्या दिवशी डॉक्टर चार्ल्स फ्लेचर यांनी त्याच्या शिरेत पेनिसिलिन सोडलं. फ्लोरी, चेन आणि हीटली या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी ते जवळच्याच प्रयोगशाळेत तयार केलं होतं. युद्धामुळे भांडी मिळेनात, म्हणून हीटली यांनी पेनिसिलिन देणारी बुरशी वाढवायला इस्पितळातली बेडपॅनसुद्धा वापरली. पुढे त्याच धर्तीवर चिनीमातीची भांडी घडवून घेतली.

दिवसभरातच ताप उतरू लागला. रोगी जेवू लागला. औषध मात्र इतकं थोडं, की त्याच्या लघवीतून उतरलेलं पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढायचं. त्यासाठी ती लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत जायची. तरीही साठा संपला. संसर्ग उलटला आणि 15 मार्चला अलेक्झांडर गेला. औषध हरलं नव्हतं, अपुरं पडलं होतं. पुढचे बहुतेक रुग्ण वाचत गेले.

हा धागा आपल्यापर्यंतही येतो. सर्वसामान्यांना पेनिसिलिन परवडावं म्हणून पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. 1955 मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं.

2007 साली इन्फर्मरी बंद झाली. रुग्णसेवा हेडिंग्टनच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात गेली. पेनिसिलिन म्हटलं की आपण फ्लेमिंगचं नाव घेऊन थांबतो. तसं थांबू नये. शोध लंडनमध्ये लागला, पण त्याचं औषध ऑक्सफर्डमध्ये झालं, आणि त्या औषधाच्या इतिहासात शास्त्रज्ञांच्या शेजारी या पोलीस शिपायाचं नाव असायलाच हवं.