पेरिसच्या मैदानावर

लॉस अँजेलिस शहराच्या आग्नेयेस सुमारें ७० मैलांवर पेरिस नांवाचें एक गांव आहे. नांवावरून घोटाळा होण्याचा संभव आहे. आमच्या साताऱ्याच्या घरीं तो झालाच. मामा-भाचे पेरिसला गेल्याचें कळतांच तेथील मंडळींनीं आयफेल मनोऱ्याचीं छायाचित्रें मागविलीं! परंतु फ्रान्सच्या राजधानीशीं ह्या गांवाचा कांहीं संबंध नाहीं. कॅलिफोर्निया सदर्न रेल्वेचा मार्ग आंखणाऱ्या फ्रेड पेरिस नामक गृहस्थांचें नांव येथील स्टेशनास मिळालें आणि तेंच गांवाला चिकटलें. १८९२ सालीं बांधलेली स्टेशनाची विटांची इमारत अद्याप उभी आहे.

तथापि योगायोग असा कीं, ज्या गोष्टीकरितां आज ह्या पेरिसची ख्याति आहे, तिचा आरंभ त्या दुसऱ्या पॅरिसांतच झाला. १७९७ च्या ऑक्टोबरच्या २२ तारखेस गार्नेरिन नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें तेथील मोंसो उद्यानावर बलूनखालीं टांगलेली रेशमी छत्री तोडून घेऊन स्वतःस खालीं सोडलें. छत्री भयंकर हेलकावे खात उतरली, पण माणूस वांचला. आज कॅलिफोर्नियांतील ह्या पेरिसच्या विमानतळावर आकाशांतून उड्या मारणारीं माणसें देशोदेशींहून येतात. त्यांतील बहुतेक जण हौसेनें, आणि पदरचे पैसे मोडून येतात.

प्रदेश कोरडा आहे. माणदेशांतून प्रवास केलेल्या वाचकांस त्याची कल्पना सहज येईल. पिवळें पडलेलें गवत, बोडक्या टेकड्या, आणि त्यांवर राक्षसांच्या पोरांनीं खेळतां खेळतां टाकून दिल्यासारख्या प्रचंड शिळा. पूर्वेस सॅन हासिंटोचा पर्वत सुमारें १०,८०० फूट उंच, म्हणजे महाबळेश्वराच्या दुपटीहून अधिक. पाऊस थोडा, ढग क्वचित्, दृष्टि दूरवर पोंचते. शेतकऱ्याचें जें दुर्दैव तें ह्या उड्या मारणारांचें भाग्य.

मी तेथें गेलों तो मात्र हौसेनें नव्हे. माझी कन्या पेरिसपासून सुमारें २० मैलांवर रिव्हरसाइड शहरीं राहते. तिच्याकडे माझा भाचा, वय २७, व्यवसायानें अभियंता, मानेच्या दुखण्यानिमित्त विश्रांतीस येऊन राहिला होता. ह्या मुलानें उन्हाळ्यांत दुसऱ्याच एका मैदानावर, येथून बऱ्याच दूर, आकाशांतून उडी मारण्याचें शिक्षण घेण्यास आरंभ केला होता. चौदा उड्या निर्विघ्न पार पडल्या. पंधराव्या उडीच्या वेळीं छत्री उघडली ती अशा हिसक्यानें कीं, त्याच्या डोळ्यांपुढें क्षणभर अंधारी आली. जमिनीवर तो दोन पायांवर उभा उतरला. पण छत्री गोळा करावयास वांकला, तों मान वर उचलेना.

इस्पितळांत सर्व तपासण्या झाल्या. मणका मोडला नव्हता, मानेंतील रक्तवाहिन्यांस इजा नव्हती. स्नायु आणि बंध ताणले गेले होते. येथील डॉक्टरांचें मत असें पडलें कीं, मानेला पट्टा फार दिवस बांधूं नये, त्यानें स्नायु दुबळे होतात. वेदना सोसवेल तितकी मान हळूहळू हालवीत राहावें. मात्र हाताला मुंग्या येऊं लागल्या, तोल जाऊं लागला, किंवा डोक्याच्या एकाच बाजूस असह्य ठणका लागला तर तत्काळ परत यावें. साताऱ्याहून नारायण तेलाची बाटली आली. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं तेल लावण्यास हरकत घेतली नाहीं, पण रगडण्यास साफ मनाई केली.

हें साताऱ्यास कळलें कसें, तेंहि सांगितलें पाहिजे. चिरंजीवांनीं नऊ दिवस कळूं दिलें नव्हतें. दहाव्या दिवशीं फोनच्या पडद्यावर आई बोलत असतां मागून कोणी हांक मारली, आणि ह्यानें मान न वळवितां खांद्यांसकट सबंध धड वळविलें. आईला तेवढें पुरलें.

मग माझा फोन वाजला. "दादा, तूं तेथें आहेस तोंवर त्याच्याकडून वचन घे. पुन्हा विमानांतून उडी मारणार नाहीं, असें त्यानें तुझ्या पायांवर हात ठेवून म्हटलें पाहिजे. माझ्या गळ्याची शपथ घाल त्याला."

पुण्याच्या शीतल महाजन २००४ सालीं उत्तर ध्रुवावर छत्रीनें उतरल्या, आणि २०१८ सालीं त्यांनीं थायलंडांत नऊवारी नेसून उडी मारली. त्या वेळीं वर्तमानपत्रांतलें तें छायाचित्र कापून देवघराशेजारच्या भिंतीवर लावणारी हीच माझी भगिनी. परंतु दुसऱ्याच्या मुलीचें धैर्य भिंतीवर लावणें निराळें, आणि आपल्या मुलाची मान अवघडलेली पाहणें निराळें. मी तिला हंसलों नाहीं.

शपथेसंबंधीं माझा अनुभव मात्र निराळा आहे. चौतीस वर्षें मीं शाळेंत घालविलीं. शपथेनें सुधारलेला विद्यार्थी मला आठवत नाहीं. शपथ मोडून वर खोटें बोलावयास शिकलेले पुष्कळ आठवतात. म्हणून वचन घेण्यापूर्वीं ज्या गोष्टीविषयीं तें घ्यावयाचें ती एकदां डोळ्यांनीं पाहावी असें ठरवून, एका शनिवारीं मीं भाच्यास गाडी काढावयास लाविली. मान वळत नसल्यामुळें चाकावर माझी कन्या बसली.

मैदानावर जत्रेची कळा होती. विमानें घरघरत वर जात. १२,५०० फुटांवर पोंचलीं कीं त्यांतून माणसें सांडत. खालून प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग मोहरीएवढे ठिपके, आणि मग फट् फट् असा, ओलें धोतर झटकल्यासारखा आवाज. तो छत्र्या उघडल्याचा. जुन्या चित्रांतल्या गोल छत्र्या आतां हौशी मंडळींत दिसत नाहींत. हल्लींच्या छत्र्या लांबट असतात. त्यांत ओळीनें पिशव्या असून त्यांत समोरून वारा भरतो, आणि छत्राचा एक पंखच बनतो. त्यामुळें उतरणारा मनुष्य घारीसारखा वळसे घेत नेमक्या जागीं येऊन उभा राहतो. तरुण होते, तशीं पांढऱ्या केसांचीं माणसेंहि होतीं. माझ्याच वयाच्या एक बाई उतरल्या, छत्री कांखेंत मारली, आणि मंडईंतून भाजी आणल्याच्या निर्विकारपणें चालूं लागल्या.

जवळच एका उंच इमारतींत खालून वर प्रचंड वारा सोडून त्यावर माणसांस तरंगत ठेवण्याची सोय आहे. शाळकरी मुलें तेथें माशांसारखीं पोहत होतीं. भाच्यास तेथेंहि मनाई. तो कांचेला नाक लावून उभा राहिला.

शाकुन्तलाच्या सातव्या अंकांत दुष्यन्त इंद्राच्या रथांतून खालीं येतो, तेव्हां पृथ्वी कशी दिसते ह्याचें वर्णन कालिदासानें केलें आहे. डोंगर वर उसळतात आणि जमीन त्यांच्या शिखरांवरून खालीं घसरल्यासारखी भासते. हा अंक मीं वर्षानुवर्षें शिकविला, पण साक्षी कोणी भेटला नव्हता. भाच्यास विचारलें. तो म्हणाला, "मामा, वरून कांहींच जवळ येत नाहीं. ताशीं १२० मैल वेगानें पडत असतां, पण जमीन नकाशासारखी स्वस्थ असते. नुसता वारा. ती अंगावर धांवून येते ती अगदीं खालीं, आणि तोंवर छत्री उघडलेली असावी लागते." कालिदासाचा रथ बराच खालीं आला असावा, असें मीं मनांत टिपून ठेवलें.

ज्या जागीं मी सर्वांत अधिक वेळ थांबलों ती छत्र्या घडी करण्याची पडवी. जमिनीवर सतरंज्यांसारखें अंथरलेलें. त्यावर गुडघे टेकून माणसें कापडाशीं झोंबत होतीं. निसरडें नायलॉन कवेंत धरून त्यांतील वारा पिळून काढावयाचा, घडीवर घडी घालून एका लहान पिशवींत कोंबावयाचें. प्रत्येकाच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. नेहमींची छत्री कोणीहि शिकलेला मनुष्य स्वतः घडी करतो. राखीव छत्री मात्र सरकारी परवाना असलेल्या कारागिरानेंच, ज्यास येथें रिगर म्हणतात, तपासून घडी घालावयाची, आणि ती वापरली नसली तरी १८० दिवसांनीं पुन्हा उघडून तपासावयाची, असा अमेरिकेंत कायदा आहे.

अशाच एका वयस्क रिगरनें भाच्याची अवघडलेली मान पाहून आपण होऊनच विचारपूस केली, आणि आम्हांला उशीच्या अभ्र्याएवढें एक कापड दाखविलें. त्यास स्लायडर म्हणतात. चार कोपऱ्यांस धातूच्या चार कड्या; छत्रीच्या सर्व दोऱ्या चार जुड्या करून त्यांतून ओंवलेल्या. घडी घालतांना हें कापड अगदीं वर, छत्राला भिडवून ठेवावयाचें. छत्र उघडूं लागलें कीं वारा त्याला वर दाबून धरतो. दोऱ्या आवळलेल्या राहतात. छत्र एकदम पसरूं शकत नाहीं. मग तें फुगत जातें तसतसें कापड दोऱ्यांवरून घसरत खालीं, माणसाच्या डोक्यावर येतें. ह्या सर्वाला तीन-चार सेकंद लागतात. घडी घालतांना हें कापड वीतभर जरी खालीं घसरलें, तरी तीन सेकंदांचें काम एका सेकंदाच्या आंत उरकण्याचा धोका असतो.

मीं खिशांतील पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. ताशीं १२० मैल म्हणजे सेकंदास सुमारें ५४ मीटर. त्यांतील ४८ मीटर वेग साडेतीन सेकंदांत गमावला, तर मानेला तें जाणवतें पण सोसतें. तोच पाऊण सेकंदाहून कमी वेळांत गमावला, तर प्रत्येक वस्तूचें वजन सुमारें आठपट होतें. शिरस्त्राणासह मस्तक पांच किलोंचें धरलें तर चाळीस किलो. म्हणजे ह्या मुलाच्या मानेवर डोळ्याचें पातें लवतें न लवतें इतक्यांत एक मण ओझें येऊन गेलें. वाटेत धरावयास कोणी हमाल नाहीं.

पंधराव्या उडीची घडी त्यानें स्वतःच घातली होती. शेजारीं शिक्षक होते. छत्री सोडतांना आपण मागें वळून पाहिलें, एक खांदा खालीं होता, असेंहि त्याला आठवतें. दोहोंपैकीं कारण कोणतें? रिगरनें खांदे उडविले. कित्येक वेळां घडी उत्तम असते, अंग सरळ असतें, आणि तरी हिसका बसतो. कारण सांपडत नाहीं. कारण सांपडलें असतें तर माझी भगिनी अधिक स्वस्थ झाली असती कीं अधिक अस्वस्थ, हें मला सांगतां येत नाहीं.

दुपारीं आम्ही सावलींत दशम्या खात बसलों असतां भाचा आपण होऊन बोलूं लागला. "आईनें वचन घ्यावयास सांगितलें आहे ना? घ्या मामा. मी देतों." इतक्या सहज तयार झालेला पाहून मला संशय आला. कां, म्हणून विचारलें.

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "पडण्याची भीति मला कधींच वाटली नाहीं. आतां छत्री उघडण्याची वाटते. रात्रीं झोंपेंत हात दोरीकडे जातो आणि मी जागा होतों. जिनें वांचवावयाचें तिचीच भीति. हें कोणाला सांगणार? वचन दिलें म्हणजे सुटलों. आईसाठीं सोडलें, असें सर्वांना सांगतां येईल."

मी वचन घेतलें नाहीं. आईच्या गळ्याची शपथ आपली भीति झांकावयास वापरूं नये, असें त्याला सांगितलें. सोडावयाचें तर भीति वाटते म्हणून सोड. त्यांत कमीपणा नाहीं. १९९२ सालीं ह्याच मैदानावरून निघालेलें विमान कोसळून १६ माणसें दगावलीं. येथें भिण्याजोगें कांहींच नाहीं, असें म्हणणारा मूर्खच. आणि पुन्हा जावयाचें तर उघड जा. नऊ दिवस लपवून नव्हे.

मग तो उठून पडवींत गेला. एका ओळखीच्या मुलाची छत्री अंथरलेली होती. तिची घडी घालून पाहूं कां, म्हणून विचारलें, आणि गुडघ्यांवर बसला. मान खालीं वांकेना, म्हणून स्लायडरच्या चार कड्या जागच्या जागीं आहेत कीं नाहींत, हें मी वांकून पाहत होतों आणि त्याला सांगत होतों. त्यानें तीनदां घडी मोडली. चौथ्या वेळीं रिगरनें पाहून मान डोलविली.

रात्रीं मीं साताऱ्यास फोन केला आणि घडलें तें सर्व सांगितलें. त्याच्या संमतीनें, भीतीची गोष्टहि. भगिनी रागावली, मग रडली, मग थोड्या वेळानें तिनें विचारलें, "तो लगेच कांहीं जात नाहीं ना?" मीं तिला तेथील शिरस्ता सांगितला. पंचवीस उड्या पुऱ्या होईपर्यंत पहिला परवाना मिळत नाहीं, तोंवर तो विद्यार्थीच. आणि विद्यार्थ्याचा एक महिन्याहून अधिक खंड पडला, तर पुढची उडी त्याला पुन्हा शिक्षकाच्या देखरेखीखालीं मारावी लागते. हें ऐकून ती जरा सांवरली. शेवटीं तिनें आपली अट घातली: मान दोन्ही बाजूंस सारखी वळूं लागेपर्यंत त्यानें विमानाचें नांव काढूं नये; आणि ती वळूं लागली कीं काय करावयाचें तें त्यानें तिला स्वतः, फोनवर, तोंडासमोर सांगावें. भाच्यानें तें मान्य केलें.

तेव्हांपासून दररोज सकाळीं चहा झाल्यावर तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो, आणि हनुवटी व खांदा ह्यांमधील अंतर मी बोटांनीं मोजतों. उजवी बाजू आतां जवळजवळ बरोबर आली आहे. डावीकडे अजून चार बोटें कमी पडतात.