साल कुठे खायचीय? – घरी कापलेलं कलिंगड आणि माझी एक चूक

मागच्या एप्रिलमधली गोष्ट आहे. रविवार होता. सकाळी भाजी आणायला गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला कलिंगडांचा मोठा ढीग दिसला. पाच किलोचं एक चांगलं जड कलिंगड घेऊन आलो. घरी आम्ही तिघंच: मी, बायको आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८. त्यांना कलिंगड जीव की प्राण.

दुपारी जेवणं झाल्यावर एकच्या सुमारास मी ते ओट्यावर ठेवलं आणि सुरीने दोन भाग केले. अर्धं आम्ही तिघांनी खाल्लं. उरलेलं अर्धं ताटात उपडं घातलं, वर दुसरं ताट झाकलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. फ्रीजमध्ये आदल्या दिवशीची पातेली होती, त्यामुळे जागा करावी लागणार होती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. "आल्यावर ठेवतो गं," असं बायकोला सांगून मी निघालो. ती थोड्या वेळाने माहेरी गेली. मला यायला रात्रीचे दहा वाजले आणि कलिंगड मी साफ विसरलो.

सोमवारी संध्याकाळी अण्णांना जुलाब सुरू झाले. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मंगळवारी पहाटे बाथरूममधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर अण्णा भिंतीला टेकून बसलेले. अंगात ताप, तोंड कोरडं पडलेलं आणि रक्तदाब ९०/६०.

"अण्णा, बाहेरचं काही खाल्लंत का?"

"छे. घरचंच. परवा रात्री ते कलिंगड टेबलावर होतं, ते संपवलं. वाया गेलं असतं."

"वास नाही आला?"

"मुळीच नाही. चांगलं गोड होतं."

अण्णांना दोन दिवस अॅडमिट करावं लागलं. सलाईन लावलं. रक्तदाबासाठी ते जी गोळी घेतात तिने लघवी जास्त होते. त्यात जुलाब, त्यामुळे शरीरातलं पाणी झपाट्याने कमी झालं आणि किडनीवर ताण आला. एरवी १.१ असणारं क्रिएटिनिन २.३ वर गेलं होतं. ते पूर्ववत व्हायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस माझे कसे गेले, मलाच ठाऊक. रोज पेशंटना उघड्यावरचं खाऊ नका म्हणून सांगणारा मी, आणि माझ्याच घरी टेबलावर ते कलिंगड आठ तास पडून होतं.

आता हे कलिंगडामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तपासायला त्याची एक फोडही उरली नव्हती. पण आम्ही दोघांनी तेच कलिंगड दुपारी ताजं खाल्लं होतं आणि आम्हाला काही झालं नाही. त्या दिवसांत अण्णांनी वेगळं खाल्लेलं एवढं एकच होतं. शिवाय दुपारी तीन तास लाइट नव्हती, पंखे बंद होते आणि घर भट्टीसारखं तापलं होतं. म्हणून हा लेख लिहितोय.

आत जंतू जातात कसे?

अख्खं कलिंगड हे निसर्गाने बंद केलेला डबा आहे. साल जाड असते आणि आतला गर सहसा स्वच्छ असतो. म्हणून न कापलेलं, न तडकलेलं कलिंगड सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर सहज राहतं.

पण ते वाढतं जमिनीवर. माती, शेणखत, पाणी, पक्ष्यांची आणि प्राण्यांची विष्ठा हे सगळं सालीला लागू शकतं. मग ट्रक, बाजार, रस्त्याच्या कडेचा ढीग आणि दहा जणांचे हात. साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू सालीवर बसून आपल्या घरी येतात.

पेशंटना विचारलं की कलिंगड धुता का, तर बरेच जण हसतात. "डॉक्टर, साल कुठे खायचीय?" खरं सांगतो, त्या रविवारी मीही धुतलं नव्हतं. साल आपण खात नाही, पण सुरी सालीतूनच आत जाते. जाताना सालीवरचे जंतू गरात नेऊन सोडते. डबा उघडला आणि त्याच क्षणी आत घाणही टाकली, असं ते होतं.

आत गेल्यावर काय होतं?

लिंबू, कैरी, संत्रं यांच्या आंबटपणामुळे त्यांच्यात बरेच जंतू नीट वाढत नाहीत. कलिंगडात आंबटपणा जवळजवळ नसतोच. ९० टक्क्यांहून जास्त पाणी आणि सहा टक्क्यांच्या आसपास साखर. जंतूंना यापेक्षा चांगलं घर कोणतं?

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वाढतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातली खोली त्यांना फारच मानवते. एक जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतो असं धरलं, तर सहा तासांत एकाचे चार हजारांवर होतात. दुपारी एकला जे खाऊन आम्हाला काही झालं नाही, तेच रात्री नऊला अण्णांना का बाधलं असावं, याचा अंदाज या हिशेबावरून येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे फळाचा वास, रंग किंवा चव बदलेलच असं नाही. कलिंगड आंबूस लागलं, बुळबुळीत झालं, फेसाळलं तर आपण टाकतोच. पण चांगलं लागतंय म्हणजे चांगलं आहे, हा हिशेब इथे चालत नाही. अण्णांनी तोच केला होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २०१८ साली अमेरिकेत, कापून डब्यात भरून विकलेल्या कलिंगड-खरबुजाच्या फोडींमधून साल्मोनेलाची साथ पसरली आणि नऊ राज्यांतले ७७ लोक आजारी पडले. त्याआधी २०११ मध्ये तिथेच खरबुजातून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली होती. त्यात १४७ लोक आजारी पडले आणि ३३ जण दगावले. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढू शकतो. गरोदर बाईला त्याची लागण झाली तर बाळ दगावू शकतं. म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे कितीही दिवस चालतं, असंही नाही.

मग घरी काय करायचं?

आमच्या घरी आता हे नियम आहेत:

१. तडा गेलेलं, मऊ पडलेलं किंवा भोक पडलेलं कलिंगड घ्यायचं नाही. गाडीवाल्याने लालपणा दाखवायला त्रिकोणी तुकडा काढला असेल, तर ते कलिंगड कापलेलंच समजायचं.

२. आणल्याबरोबर धुऊन ठेवायचं नाही, कारण ओल्या सालीवर बुरशी लवकर येते. कापायच्या आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली ब्रशने किंवा स्वच्छ घासणीने चोळून धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड लावायचं नाही.

३. आधी हात धुवायचे. सुरी, विळी, पाट साबणाने धुतलेले हवेत. मासे-मटण ज्यावर कापतो तो पाट आणि ती सुरी इथे नको.

४. खायचं तेवढं झालं की उरलेलं लगेच फ्रीजमध्ये. बाहेर जास्तीत जास्त दोन तास. उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एक तास असंच धरून चाला.

५. फोडी करून झाकणाच्या स्वच्छ, कोरड्या डब्यात ठेवाव्यात. अर्धं कलिंगड तसंच ठेवायचं असेल तर कापलेली बाजू पूर्ण झाकली गेली पाहिजे. डबा वरच्या कप्प्यात ठेवावा, कच्च्या मासे-मटणाच्या खाली नको. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या खाली हवं.

६. डब्यावर कापल्याची तारीख लिहा. तीन दिवसांत संपवा. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, किंवा किमोथेरपी वा स्टिरॉइड चालू असलेला पेशंट असेल तर त्यांना त्या दिवशी कापलेलंच द्या.

७. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. दार बंद राहिलं तर साधारण चार तास आतला थंडावा टिकतो. त्याहून जास्त वेळ लाइट नसेल तर आतल्या फोडी टाकून द्या.

८. मीठ किंवा चाट मसाला खाताना घाला. आधी लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि फोडी लिबलिबीत होतात.

मुलांच्या डब्याबद्दलही सांगतो. सकाळी सातला भरलेल्या फोडी मूल अकराला खातं. दप्तरात चार तास! उन्हाळ्यात त्यापेक्षा केळं द्या. स्टॉलवर कापून मांडलेल्या फोडींचंही तेच. वर बर्फ असला तरी तो कोणत्या पाण्याचा, ते आपल्याला माहीत नसतं.

तरीही पोट बिघडलं तर?

ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्या पाण्यात (मोठं पाकीट असेल तर एक लिटर) विरघळवून घोट घोट देत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. कलिंगडाचा रस हा ओआरएसला पर्याय नाही, कारण त्यात सोडियम जवळजवळ नसतं आणि जुलाबात आपण तेच गमावत असतो.

शौचातून रक्त, जास्त ताप, थांबत नसलेल्या उलट्या, लघवी कमी होणं, चक्कर, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका, डॉक्टरकडे जा. जुलाब थांबवायच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीची औषधं चालू असतील तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. ते डॉक्टरांना विचारूनच करा, स्वतःहून नाही. आणि घरातल्या ज्येष्ठांना विचारा. "पोट कसं आहे?" एवढं सोमवारी मी विचारलं असतं, तर मंगळवारची पहाट टळली असती.

अण्णांचा मुद्दा

घरी आल्यावर मी अण्णांना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या लहानपणी असलं काही होत नव्हतं."

मी म्हटलं, "तेव्हा फ्रीज तरी कुठे होता?"

"फ्रीज नव्हता, पण उरतच नव्हतं. वाड्यात एक कलिंगड कापलं की पंधरा माणसं गोळा व्हायची. साली लगेच गुरांपुढे."

मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. कलिंगड हे पंधरा जणांनी एका बैठकीत संपवायचं फळ आहे. आता घरात माणसं तीन, कलिंगड मात्र पाच किलोचंच. उरलेलं अर्धं टेबलावर राहतं आणि ज्यांना अन्न टाकवत नाही, ते घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस ते संपवतं. अन्न टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे. पण तो पाळायचा असेल तर आधीच थोडं आणावं किंवा वाटून खावं. शिळं पोटात ढकलून तो पाळू नये.

तेव्हापासून आम्ही दोन किलोच्या आतलं कलिंगड आणतो. कधी मोठं आणलं, तर कापल्या कापल्या अर्धं शेजारी जातं. ते पोचवायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय. जाताना ते शेजारच्या वहिनींना न चुकता सांगतात, "आत्ताच कापलंय, धुऊन घेतलंय. पण टेबलावर ठेवू नका हं. आमचे डॉक्टर रागावतात!"

या उन्हाळ्यात कलिंगड भरपूर खा. फक्त कापण्याआधी धुवा आणि उरलेलं लगेच फ्रीजमध्ये ठेवा. "आल्यावर ठेवतो" असं म्हणू नका.