अडगळीची खोली

मनुष्याचा असा स्वभाव आहे की, ज्या वस्तूची त्यास फार किंमत वाटते ती तो कुलपात ठेवितो. आणि एकदा कुलूप लागले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजून त्या वस्तूस विसरून जातो. हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या ठिकाणी पुष्कळ वेळा पाहिला होता. तो आमच्याही ठिकाणी वसत आहे, हे कळण्यास मात्र दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा उजाडावा लागला. त्या प्रसंगाची हकीकत वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आहे. तीत आमची प्रशंसा नाही. परंतु विद्यार्थिमित्रांस व माजी विद्यार्थ्यांस तीतून काही घेण्यासारखे सापडेल, अशी आशा आहे.

आमच्या शाळेच्या मोठ्या जिन्याखाली एक खोली आहे. तिला सर्वजण 'अडगळीची खोली' म्हणतात. वास्तविक तीत जे आहे ते अडगळ नव्हे. शाळेची जुनी रजिस्टरे, हजेरीबुके, कापडावर चढविलेले भिंतीचे नकाशे, जादूच्या कंदिलाच्या काचेच्या चकत्या, कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेले शंखशिंपले, आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत सापडणारे स्फटिक, जुनी नाणी, पेंढा भरलेले एक घुबड आणि शाळेची पहिली पितळी घंटा, अशी ती सगळी संपत्ती. परंतु वर्षानुवर्षे तिच्यावर मोडकी बाके, कवायतीच्या काठ्या, रंगाचे डबे आणि नाताळच्या ताऱ्याचे बांबूचे सांगाडे येऊन पडले. ह्या खोलीची किल्ली अकरा वर्षे आमच्या ताब्यात होती. आम्ही ती कोणास देत नसू, आणि ह्या गोष्टीचा आम्हांस थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात एक वृद्ध शेतकरी शाळेत आले. वय सत्तरीच्या पुढे, हातात ओली छत्री. ते म्हणाले, "सर, माझी आई ह्याच शाळेत शिकली. तिचा एकसुद्धा फोटो आमच्याकडं नाही. तिचं नाव तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं."

आम्ही मोठ्या दिमाखाने उत्तर दिले, "अवश्य. आमच्याकडे सर्व काही जपून ठेविले आहे."

ते 'जपून ठेविलेले' शोधण्यास आम्हांस तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी बाकांच्या राशीखाली, जमिनीवर टेकलेली एक लाकडी पेटी निघाली. झाकण शाबूत होते, कुलूपही शाबूत होते. आत मात्र भिंतीतून झिरपलेली ओल आणि तिच्या मागोमाग आलेली वाळवी ह्यांनी आपले काम पुरे केले होते. ज्या वर्षांचे रजिस्टर हवे होते त्याच्या जागी तपकिरी मातीचा लगदा हाती आला. पानांच्या कडा तेवढ्या चौकटीसारख्या उरल्या होत्या. आम्ही मान खाली घालून ती हकीकत आजोबांस सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, "असू द्या, सर. पुस्तक होतं, एवढं तरी कळलं."

त्यांनी आम्हांस दोष दिला असता तर बरे झाले असते. त्या रात्री आम्हांस मत्तयाच्या शुभवर्तमानातील तो दास आठवला, ज्याने धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेविला होता. लहानपणापासून आम्ही तो दृष्टांत आळसाविरुद्ध दिलेला इशारा म्हणून वाचीत आलो होतो. परंतु त्या दासाने निदान धन्याचा पैसा होता तसा परत केला. आम्ही पुरून ठेविले आणि गमावलेही.

नंतर आम्ही ह्या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा असे दिसून आले की, ही केवळ गरीब शाळेची गोष्ट नाही. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात प्रेक्षकांस जे दिसते तो एकंदर संग्रहाचा लहानसा अंश असतो. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या त्यांतील थोड्याच. अडकित्ते, दिवे, वाद्ये, दौती ह्यांचा बाकीचा परिवार आतल्या बाजूस असतो. म्हणजे संग्रहालयाचा खरा देह साठवणीच्या खोल्यांत आहे. आणि त्या देहाची प्रकृती जगभर चिंताजनक आहे. रोम शहरात इक्रॉम नावाची, सांस्कृतिक ठेव्याच्या जतनाचे शास्त्र शिकविणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने युनेस्कोसह 2011 साली अनेक देशांतील संग्रहालयांची पाहणी केली. साठवणीतील सुमारे 60 टक्के संग्रह गंभीर धोक्यात आहेत, असे तीतून निष्पन्न झाले. कारणे आपल्या परिचयाचीच: जागा अपुरी, याद्या नाहीत, वस्तूवर वस्तू रचलेली, आणि जबाबदार मनुष्य कोणीच नाही.

ह्या संस्थेने लहान संग्रहालयांकरिता 'री-ऑर्ग' नावाची एक पद्धत तयार केली आहे. तीत चांगल्या साठवणीच्या दहा कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी काही येथे देतो. खोलीची जबाबदारी एका शिकलेल्या मनुष्यावर असावी. साठवणीच्या खोलीत संग्रहाच्या वस्तूंखेरीज दुसरे काही नसावे. एकही वस्तू जमिनीवर नसावी. प्रत्येक वस्तूस नेमून दिलेली जागा असावी आणि ती तीन मिनिटांच्या आत सापडावी. कोणतीही वस्तू काढताना दोहोंहून अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. आम्ही हे वाचले आणि वही मिटली. तीन मिनिटे! आम्हांस तीन दिवस लागले होते, आणि ते पुस्तक काढण्यापूर्वी सतरा बाके हलवावी लागली होती.

दिवाळीच्या सुट्टीत नववीतील अकरा मुलेमुली आमच्या मदतीस आली. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली व शेजारचा रिकामा वर्ग मोकळा करून दिला. मुलांनी प्रथम केरसुण्या उचलल्या. आम्ही त्या खाली ठेवावयास लावून त्यांच्या हाती वह्या दिल्या. कारण की, जे मोजले नाही ते आवरता येत नाही. नुसते हलविता येते. खोलीचा नकाशा काढिला, जेथे जे होते त्याची छायाचित्रे घेतली, आणि मगच बाके व काठ्या बाहेर काढिल्या. त्या निघताच अर्धी खोली मोकळी झाली! इतकी वर्षे जागा नाही म्हणून आम्ही रडत होतो. जागा होती, ती दुसऱ्याच वस्तूंनी बळकाविली होती.

नंतर आमच्या अज्ञानाची एकेक खूण बाहेर येऊ लागली. नकाशांच्या फाटलेल्या कडांस आम्हीच कधी चिकटपट्टी लाविली होती. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरला होता. काही हजेरीबुके पावसापासून वाचावी म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधिली होती. आतली ओल आतच राहून त्यांवर बुरशी चढली होती. हवेतील ओलावा शेकडा 65 च्या वर फार दिवस राहिला की बुरशीस अनुकूल काळ येतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो आकडा ओलांडण्यास वेळ लागत नाही. टाचण्या गंजून पानांस भोके पडली होती. बिचाऱ्या घुबडास वर्तमानपत्रात गुंडाळिले होते, आणि त्या हलक्या कागदातील आम्लाने कागदाबरोबर त्याच्या पिसांवरही डाग पडले होते.

उपाय मात्र थोड्या पैशांत झाले. जुन्या बाकांच्या लोखंडी सांगाड्यांपासून गावातील लोहाराने मांडण्या करून दिल्या. त्यांची सर्वांत खालची फळी जमिनीपासून अर्धा फूट वर ठेविली, व ओल येणाऱ्या भिंतीपासून मांडण्या हातभर दूर उभ्या केल्या, म्हणजे मागून वारा खेळेल आणि वाळवीची वाट चटकन दृष्टीस पडेल. रजिस्टरांकरिता मांजरपाट आणून, धुऊन त्यातील खळ काढून, त्याचे रुमाल शिवले. आपल्या वाडवडिलांनी दप्तरे कापडात का बांधिली, ह्याचा उलगडा तेव्हा झाला: कापड धूळ अडविते, परंतु कागदास श्वास घेऊ देते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक वाचकास तेल, पाणी व सैल बंधन ह्यांपासून पोथी राखण्याची विनवणी करीत. ही शिकवण ह्या भूमीस नवी नव्हे. आम्ही ती टाकून दिली होती, इतकेच.

प्रत्येक वस्तूस क्रमांक दिला. तो वस्तूवर न लिहिता सुती फितीच्या चिठ्ठीवर शिसपेनने लिहिला. मांडणीस अक्षर, फळीस आकडा, आणि दोन्हींची नोंद वहीत. अखेरच्या दिवशी एका मुलीने घड्याळ धरिले, दुसऱ्याने वहीतील कोणताही क्रमांक पुकारिला, आणि तिसऱ्याने धाव घेतली. पितळी घंटा 40 सेकंदांत हाती आली. ती वाजविण्याचा मोह मुलांस आवरला नाही. आम्हीही आवरा म्हटले नाही.

साठवण कितीही नीट केली तरी अग्नी व पूर ह्यांचे भय उरतेच. बंगालमधील श्रीरामपुरास (आपल्या नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे) विल्यम कॅरी व त्यांचे सोबती ह्यांचा छापखाना होता. मराठीचे व्याकरण 1805 साली आणि मराठी शब्दांचा कोश 1810 साली तेथूनच निघाला. 11 मार्च 1812 रोजी त्या छापखान्यास आग लागली. कागद, अनेक भाषांचे टाइप आणि कॅरींची कित्येक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळाली. टाइप पुन्हा ओतता आले, कारण ते पाडण्याचे पोलादी ठसे वाचले होते. परंतु ज्या हस्तलिखिताची दुसरी प्रत नव्हती ते गेले ते गेलेच. मुलांस ही गोष्ट सांगितली तेव्हा एकीने विचारिले, "सर, मग आपल्या पुस्तकांचे ठसे कुठे आहेत?" त्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी उरलेल्या रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. त्यांची एक प्रत शाळेत व एक शाळेबाहेर ठेविली आहे.

ह्याच कामात रंगाच्या डब्यांमागे मुलींच्या मराठी तिसरीचे एक हजेरीबुक सापडले. वर्ष तेच, जे आजोबांस हवे होते. परंतु आनंद फार वेळ टिकला नाही. पुस्तक मोडीत लिहिलेले! वस्तू हाती आली, तरी तिचे दार बंदच. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल नीट बांधिलेले होते. परंतु गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी 1930 ते 1934 ह्या काळात त्यांतील निवडक कागद 45 खंडांत छापून काढिले, तेव्हा कोठे ते सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. साठविणे हे अर्धे काम. वाचकापर्यंत पोहोचविणे हे उरलेले अर्धे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी उठत गेली, आणि आपल्याच आजीचे अक्षर आपणांस परके झाले.

सुदैवाने आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मोडीचा वर्ग पुरा केला होता. त्यास बोलाविले, आणि आजोबांसही निरोप धाडिला. ते ह्या खेपेस धुतलेली टोपी घालून आले. रुमाल सोडला, पुस्तक उघडले, आणि तो तरुण ओळीखाली कागदाची पट्टी धरून वाचू लागला. मुलीचे नाव, बापाचे नाव, वाडीचे नाव. नंतर दिवसांच्या चौकटी. जून महिन्यात एकही दिवस चुकलेला नाही. ऑगस्ट महिन्यात लागोपाठ आठ दिवस गैरहजर, आणि पुढे बाईंचा शेरा: नदीस पूर.

आजोबा उठून उभे राहिले. "आई सांगायची," ते म्हणाले, "पूर उतरला की ती पहिल्या दिवशी चिखलातनं यायची. आम्हांला वाटायचं, म्हातारी वाढवून सांगते." त्यांनी पट्टीखालच्या ओळीकडे बोट नेले, परंतु कागदास ते लागू दिले नाही. इतकी काळजी त्या पुस्तकाची आम्ही अकरा वर्षांत घेतली नव्हती.

वाचकहो, आमच्या रजिस्टरातील ती पाने परत येणार नाहीत. त्यांत आणखी किती आयांची नावे होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. तो भार आम्ही वाहिलाच पाहिजे. परंतु तुमच्या घरीही एखादी पेटी असेल. पावसाळा येण्यापूर्वी ती एकदा उघडा, जमिनीवरून उचला, आत काय आहे ते लिहून काढा, आणि ते लिहिलेले घरातील दुसऱ्या कोणास तरी दाखवा.

अडगळीच्या खोलीची किल्ली आता आमच्या खिशात नसते. ती कचेरीत खुंटीवर असते, आणि वस्तूंची यादी दाराच्या आतील बाजूस लाविलेली आहे. निघताना आजोबांनी संकोचाने विचारिले, "सर, पुढच्या खेपेला नातीला आणलं तर चालंल का? पुन्हा शोधायचा त्रास होईल तुम्हांला."

आम्ही म्हणालो, "आणा. तीन मिनिटांत काढून देऊ."