67 अक्षरांचा निरोप

जुलै 2023 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात पाणी इतकं चढलं, की आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर पाठवावी लागली. त्या पावसाळ्यानंतर आम्ही काही हौशी रेडिओवाल्यांनी एक सराव धरला. मोबाइलचा टॉवर बंद पडलाय असं समजायचं आणि चालत्या गाडीतून लेखी निरोप यवतमाळला पोचवायचा.

रेडिओवर बोलताही येतं. पण पाऊस टपावर कोसळत असताना गावाचं नाव आणि माणसांचा आकडा कानाला भलताच ऐकू येतो. लिहिलेला निरोप आला तर नेमका येतो, आणि पलीकडचा माणूस जागेवर नसला तरी पडद्यावर थांबतो. यासाठी आम्ही अमेरिकेतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केलेली एपीआरएस पद्धत वापरतो. तिच्यात एका निरोपाला फक्त 67 अक्षरं मिळतात, मधल्या मोकळ्या जागा धरून. गाडी मी चालवायचो, शेजारी बसलेला मित्र टाइप करायचा. पहिल्याच फेरीत तो वैतागला, "भाऊ, एवढ्यात लिहू तरी काय?"

एवढ्यातच लिहिणं का बरं, याचं उत्तर आर्णीच्या पुढे मिळालं. आमचा रेडिओ दोन मीटरच्या लहरींवर चालतो. टेकडी, झाडं, पुलाचे कठडे यांवर आदळून येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि साधारण दर मीटरला सिग्नल कुठे जोर धरतो, कुठे विरतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. म्हणजे एका सेकंदात तितक्याच वेळा सिग्नल बुडू शकतो. आमचं मोडेम सेकंदाला 1200 बिट पाठवतं. पत्ता वगैरे धरून पूर्ण भरलेल्या निरोपाला सेकंदभर लागतो. मूळ पद्धतीत चूक दुरुस्त करायची सोय नाही. एक बिट बिघडला, की पलीकडचं यंत्र अख्खा निरोप टाकून देतं. निरोप जितका लांब, तितका तो अशा बुडत्या जागी सापडायचा धोका जास्त. 67 अक्षरांची मर्यादा मला तेव्हापासून जाचक वाटत नाही. रस्त्यावरच्या माणसाला तीच तारते.

शिवाय ठिकाण लिहायची गरजच नसते. जीपीएसवरून घेतलेले अक्षांश-रेखांश वेगळ्या संदेशातून आपोआप जातात, यवतमाळच्या नकाशावर आमची गाडी दिसत असते. मग निरोपात उरतं ते नेमकं: "पूल पाण्याखाली. 3 गाड्या अडकल्या. 1 रुग्ण. आर्णीकडून मदत पाठवा." रोमन लिपीत ही 64 अक्षरं होतात. हो, मराठी, पण रोमनमध्ये. देवनागरीचं एकेक चिन्ह यंत्राच्या हिशेबात तीन बाइट खातं, आणि बऱ्याच हँडसेटवर त्याचा नुसता कचरा उमटतो. आपल्या लिपीला तिथे जागा नाही हे मला मनापासून खटकतं. तांड्यावरच्या पोराने लिहिलेलं तांड्यावरच्याच भाषेत आणि लिपीत पोचायला हवं.

हौशी रेडिओच्या दुसऱ्या पद्धतींपैकी एफटीएटमध्ये मोकळ्या मजकुराला तेरा अक्षरंच मिळतात. ती संपर्क झाल्याची नोंद करायला छान, मदत मागायला अपुरी. जेएसएट-कॉल लांब मजकूर पंधरा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत पाठवतं आणि डोंगरापलीकडेही पोचतं, पण त्याला शॉर्टवेव्हचा संच, लांब अँटेना आणि बहुतेक वेळा लॅपटॉप लागतो. थांबलेल्या गाडीत ठीक.

आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो निरोपातल्या मजकुराच्या क्रमावरून. "नमस्कार" आणि आपलं नाव लिहायची सवय सुटत नाही, पण कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची आपली ओळख, तर आधीच जोडलेलं असतं. मी धरून बसलो, की आधी काय घडलं, मग किती माणसं, मग काय हवं. सांकेतिक भाषा हौशी रेडिओच्या नियमात बसत नाही, म्हणून साधे, उघड शब्दच. एका निरोपात एकच मागणी. दुसरी असेल तर दुसरा निरोप, कारण प्रत्येकाची पोच स्वतंत्र येते. निरोपाच्या शेवटी क्रमांक जोडला, की पलीकडचं यंत्र त्याच क्रमांकाची पोच आपणहून परत पाठवतं. तेवढी ओळ दिसली, तरच काम झालं म्हणायचं.

पोच आली नाही तर यंत्र पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. आम्ही त्याच्या भरवशावर बसत नाही. नाल्याच्या खोलगटातून गाडी वर काढतो, चढावर बाजूला घेऊन थांबवतो, मजकूर अर्ध्यावर आणतो आणि मग पाठवतो. यंदा उमरखेडकडच्या रस्त्यावर असे चढ शोधून आम्ही ते नकाशावर मांडतोय.