चौथे चाक

कुर्ल्याहून कलिन्याकडे येणाऱ्या रस्त्याला सगळे सी. एस. टी. रोड म्हणतात. नवख्या माणसाला वाटते, हे नाव बोरीबंदरच्या स्टेशनावरून पडले असावे. खरे तर ते सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे नाव आहे. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी ही रेल्वे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. रूळ गेले, पण रस्त्याचा चाकांशी संबंध तुटला नाही. आज त्याच रस्त्यावर जुने टायर, रिम आणि गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. सांताक्रूझ पूर्वेच्या आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी घरे या धंद्यावर चालतात.

आम्ही दोघे भाऊ. एकाच्या हातात खडू, दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग. थोरला बी.एड. करून उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो, धाकटा टुरिस्ट गाडी चालवतो. अब्बांनी उमेदीची सारी वर्षे काळी-पिवळी पद्मिनी चालवली. ती गाडी कुर्ल्यातच, प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींतून ती कायमची गेली.

धाकट्याच्या गाडीच्या लोखंडी रिम गंजल्या होत्या. बदलायच्याच आहेत तर थोडी हौसही करू, असे ठरले. नवा ॲलॉयचा संच आम्हाला परवडणारा नव्हता. म्हणून एका दुकानातून आठ हजारांना चार जुनी चाके आणली. बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ आणि मधले भोक आमच्या गाडीशी जुळते की नाही, हे आधी मोजून घेतले. गॅरेजवाले या चाकांना आजही ‘मॅग व्हील’ म्हणतात, कारण पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाके असत. आपल्याकडची बहुतेक ॲल्युमिनियमची. त्यात सिलिकॉन मिसळतात आणि चिमूटभर मॅग्नेशियम.

चाके गच्चीवर नेली. पावसाळा संपला होता, हे बरे झाले. दमट हवेत वरचा लॅकर दुधासारखा पांढरट होतो. मुंबईच्या खाऱ्या हवेने जुन्या लॅकरखाली शिरून पांढरी भुकटी केली होती. शेजारी सल्ला देऊन गेले, “मास्तर, संडासाचे ॲसिड ओता, पाच मिनिटांत चकाचक!” आमच्या वर्गात आम्लाला ‘तुर्शा’ आणि आम्लारीला ‘असास’ म्हणतात. ॲल्युमिनियम दोन्हींत विरघळते आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून ॲसिडही नाही आणि कॉस्टिकही नाही. साबणाचे पाणी, ब्रश आणि बाहूंचे बळ, एवढ्यावरच भागवले. त्यानंतर पॉलिश पेपर: आधी ८० नंबर, मग २२०, शेवटी पाणी लावून ४०० आणि ६००. बोटे सोलली. चौथ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना खडू धरवेना.

या कामात आमचा उस्ताद होता शाळेचाच एक जुना विद्यार्थी. आठवीनंतर त्याची शाळा सुटली, तो गॅरेजला लागला. त्याने प्रत्येक चाक टांगून लाकडी दांडक्याने हलकेच ठोकले. तीन चाके घणघणली, चौथे भदभदले. “सर, याच्यात काहीतरी आहे.” डोळ्यांना काही दिसत नव्हते. त्याने चाकाला रॉकेल चोळले, तासाभराने कोरडे पुसले आणि आमच्याकडे खडू मागितला. खडूची पूड पसरली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर, एका दांडीच्या मुळाशी, केसाएवढी काळी रेघ उमटली. फटीत शिरलेले रॉकेल बाहेर पाझरत होते. रोज हातात असलेल्या खडूचा हा उपयोग आम्हाला त्या मुलाने शिकवला.

अब्बा म्हणाले, “आमची रिम वाकली तर घण मारून सरळ करायचो.” लोखंड वाकते, म्हणून आधी इशारा देते. हा मिश्रधातू फारसा वाकत नाही, तडकतो. वेल्डिंग करून देणारे आहेत. पण हे चाक ओतल्यावर पाचशे अंशांच्या वर तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर ठेवून त्याला ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने नेमक्या त्याच जागेची ताकद जाते. वर रंग दिला की बघणाऱ्याला कळतही नाही.

दुकानदाराने घासलेले चाक परत घ्यायला नकार दिला. मग एक दलाल आला. भंगाराच्या दुप्पट पैसे देतो म्हणाला. तो काय करणार, हे न विचारताही कळत होते: फटीत लांबी भरायची, वर चंदेरी रंग मारायचा आणि कुणातरी गरजूच्या गाडीला लावून द्यायचे. महिनाअखेर होती. धाकट्याच्या गाडीचा हप्ता डोक्यावर होता. आम्ही दोघे गप्प बसलो. अब्बाच म्हणाले, “अरे, याच्यावर कुणाची तरी सवारी बसणार आहे.”

त्याच मुलाने ग्राइंडरने चाकाचे दोन तुकडे केले. आता ते फक्त वितळवण्याच्या कामाचे उरले, आणि तेही वाया जात नाही. जुने ॲल्युमिनियम वितळवायला खनिजापासून नवे काढण्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते.

चौथे चाक पुढच्या महिन्यात दुसरीकडे मिळाले. घेण्याआधी आमच्या उस्तादाने ते ठोकून ऐकले. मग चारही चाकांना प्राइमर, चंदेरी रंग आणि लॅकरचे पातळ पातळ हात दिले. जिथे चाक हबला टेकते आणि नट बसतात, तिथे रंग लागू दिला नाही. तिथला रंग दबला की नट ढिले होतात. टायर चढवून बॅलन्सिंग करून घेतले आणि शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळले.

गाडी आता छान दिसते. पण आम्हाला चकाकीपेक्षा त्या मुलाचे कान जास्त आठवतात. आमच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘शाळा सोडली’ असा शेरा आहे. त्याचे हुनर लिहायला त्या पटावर रकाना नाही. आता तो रात्रशाळेतून दहावीला बसणार आहे. विज्ञान आम्ही शिकवतो. धातूंचा धडा आला की तोच आम्हाला चार गोष्टी सांगतो.