पडद्यावर पोहोचेपर्यंत

१८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती झाली. पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी हे दोन पैलवान. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी विलायतेहून मागवलेला कॅमेरा समोर मांडला आणि ती लढत फितीवर घेतली. आपल्याकडच्या माणसानं आपल्याकडची खरी घटना टिपल्याच्या अगदी पहिल्या नोंदींतली ही एक. फीत धुऊन घेण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. बोटीनं गेली, बोटीनं परत आली. या हकिकतीत कुस्तीइतकाच मला तो समुद्रप्रवास मोलाचा वाटतो. मुंबईकरांनी ती लढत पडद्यावर पाहिली तोवर पैलवानांच्या अंगावरची माती केव्हाच उतरली होती. हरलेल्यानं एखादा दुसरा फड मारलाही असेल. पडद्यावर मात्र तो पुन्हा चीत होत होता.

माहितीपटाच्या नशिबी तेव्हापासून हे अंतर आहे. कथापटातली माणसं पडद्याबाहेर कुठेच राहत नाहीत. माहितीपटातली माणसं कॅमेरा उचलून नेल्यावरही तिथेच असतात. त्यांचं दळण, त्यांची भांडणं, त्यांची आजारपणं चालूच राहतात. दिग्दर्शक संकलनाच्या खोलीत त्यांच्या आयुष्यातलं एक वर्ष पुढेमागे करत बसलेला असतो, आणि ती मंडळी पुढच्या वर्षात निघून गेलेली असतात. मग कधीतरी जाहिरात येते, ‘नवा माहितीपट’. नवा तो आपल्याला.

खऱ्या जगाची हलती चित्रं मी पहिल्यांदा पाहिली ती फिल्म्स डिव्हिजनची. १९४८ साली सरकारनं ही संस्था मुंबईत उभी केली. मुख्य चित्रपटाआधी तिची समाचारचित्रं दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक असे. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये ती रिळं मोठी गावं फिरून, अंगभर ओरखडे घेऊन यायची. पावसाळ्यातला पूर आमच्याकडे दिवाळीनंतर यायचा. तेवढ्या वेळात मोठी माणसं बाहेर विडी ओढून घेत, शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन येत. मला मात्र छपरावर बसलेल्या त्या कुटुंबाची काळजी लागून राहायची. त्या बाईच्या कडेवर मूल होतं. ‘त्यांचं पुढे काय झालं गं?’ असं मी आईला विचारायची. आई म्हणायची, ‘अगं, पाणी कधीच उतरलं. गेले असतील घरी.’ तेवढ्यानं माझं समाधान होत नसे. पुढे मुख्य चित्रपट सुरू व्हायचा, नायक यायचा, शिट्ट्या पडायच्या, आणि मी अजून त्या छपरावरच असायची. माहितीपट पाहण्याची माझी ओढ त्या प्रश्नातून आली. आजही एखादा नवा माहितीपट लागला, महोत्सवात आला, घरच्या पडद्यावर आला, की शेवटची श्रेयनामावली सरकू लागताच तोच प्रश्न मनात उभा राहतो.

फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ २९ जून २०१२ रोजी काही शहरांतल्या मल्टिप्लेक्समध्ये लागला. तो तयार होऊन तोवर चार वर्षं झाली होती. माहितीपटाला तिकीटखिडकी मिळणं हीच तेव्हा नवलाई होती. मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद असतात आणि थिएटरं भरतात. तिथले शेख नासिर गावातल्याच लोकांना घेऊन, गावाच्याच बोलीत, गावापुरते चित्रपट काढतात. ‘मालेगाव के शोले’ काढून झालेला असतो आणि आता त्यांना सुपरमॅन करायचा असतो. सुपरमॅन झाला आहे शफीक शेख, मागावर काम करणारा एक काटकुळा तरुण. त्याला उडताना दाखवायचं म्हणून आडव्या दांड्याला लोंबकळत ठेवतात आणि मागे हिरवा कपडा धरतात. चित्रीकरण चालू असतानाच त्याचं लग्न होतं. या सुपरमॅनची लढाई गावाला लागलेल्या तंबाखूच्या नादाशी आहे.

थिएटरात लोक पोट धरून हसत होते. हसावं असाच तो भाग आहे, मीही हसले. पण शफीक २०११ सालीच तोंडाच्या कर्करोगानं गेला होता, आणि हे मला आधीपासून ठाऊक होतं. पडद्यावर तो पाण्याला घाबरत होता, लाजत होता, मित्रांच्या शिव्या खात होता. शेजारच्या रांगेतला एक मुलगा आपल्या बापाला विचारत होता, की हा खरंच उडतो का. मला वाटून गेलं, आज शुक्रवार. माग बंद असतील. शफीक असता तर आजच्या दिवशी त्यालाही सुट्टी असती, आणि तो सिनेमालाच गेला असता.

त्या दिवसानंतर माहितीपट थिएटरात लागण्याबद्दलचं माझं मत पक्कं झालं. तो आठवडाभरच टिकला तरी चालेल, सकाळचा अडनिडा खेळ मिळाला तरी चालेल, पण अनोळखी माणसांसोबत अंधारात बसून तो पाहायला मिळायला हवा. एका माणसाचं हसणं शंभर माणसांनी एकदम परत करणं ही त्या माणसाला दिलेली फार मोठी गोष्ट आहे. घरी एकट्यानं पाहताना ती देता येत नाही.

आनंद पटवर्धन यांच्या बाबतीत चित्रीकरण आणि पडदा यांतलं हे अंतर वेगळ्याच तऱ्हेनं भरून निघालं. १९८५ सालच्या त्यांच्या ‘हमारा शहर’मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांची पाडापाडी आहे, आणि त्यात विलास घोगरे या शाहिराचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. ते सहन न होऊन चार दिवसांनी विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. पटवर्धनांनी मग कॅमेरा उचलला आणि तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही. ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला तो २०११ साली.

चौदा वर्षं! इतका वेळ का, असं पुष्कळ जण विचारतात. तो चित्रपट पाहिला की याचं उत्तर मिळतं. चौकशी, खटला, निकाल, जामीन यांना जितका वेळ लागतो तितका. एखाद्या घरातलं पोर मोठं होऊन स्वतः गायला लागायला जितका वेळ लागतो तितका. विलास घोगरे यांच्या गाण्यापासून सुरू झालेली ही वाट पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंत, शीतल साठेच्या गळ्यापर्यंत पोहोचते. घाई केली असती तर गोळीबाराची कैफियत तेवढी हाती आली असती. थांबल्यामुळे एका गाणाऱ्या समाजाचा आवाज हाती लागला. पुढे काय झालं हा माझा प्रश्न या एका चित्रपटानं स्वतःच अंगावर घेतला आणि पुरा निभावला. म्हणून मराठी मुलखात घडलेल्या माहितीपटांत मी त्याला सगळ्यांत वरचं स्थान देते.

तो पहिल्यांदा दाखवला तेही सांगायला हवं. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, तिथल्या लोकांसमोर. मी त्या खेळाला नव्हते. पुढे एका वस्तीत पाहिला. बांबूंना पांढरा कपडा ताणून बांधलेला, पुढे सतरंज्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. जवळजवळ तीन तास कुणी उठलं नाही. विलास घोगरे यांचा आवाज आला तेव्हा माझ्या पुढ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मांडीवर ठेका धरला आणि एकही शब्द न चुकता गाणं त्याच्यासोबत म्हटलं. ते गाणं त्यांच्यासाठी पडद्यावर आलेलं नव्हतंच, ते आधीपासून त्यांच्याकडे होतं.

माझ्या कपाटात एक फळी माहितीपटांच्या डीव्हीडींची आहे. खेळ संपल्यावर दारापाशी टेबल मांडून बनवणारे स्वतःच त्या विकत. काहींच्या वेष्टणावर हातानं लिहिलेली नावं आहेत. आता त्या लावायला यंत्र मिळत नाही, आणि बरेच चित्रपट इंटरनेटवर सहज सापडतात. फिल्म्स डिव्हिजनचा खजिनाही असाच घराघरांत उघडला. एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ चा ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’ मी असाच एका रात्री पाहिला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली, विशीत आलेली देशभरातली मुलंमुली कॅमेऱ्याकडे पाहून आपल्याला काय वाटतं ते सांगतात. कुणी उत्साहानं, कुणी कडवटपणे, कुणी नुसतंच हसून. आज ती ऐंशीच्या उंबरठ्यावर असणार. पाहून झाल्यावर मी घरातल्यांना उठवून सांगावं म्हटलं, तर पडद्यावर दुसरं काहीतरी आपोआप सुरू झालं होतं. घरी माहितीपट येतो याचा मला आनंद आहे. दूर राहणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना तो मिळतो. पण तो संपल्यावर दोन घटका कुणीतरी थांबायला हवं, ते तिथे होत नाही.

महोत्सवात थांबतात. मुंबईचा माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो. पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात जिन्यावर बसून वाद घालणारी मंडळी मी तिथे पाहिली आहेत. २००४ मध्ये सेन्सॉरच्या अटीवरून आणि वगळलेल्या चित्रपटांवरून निर्मात्यांनी ‘विकल्प’ हा वेगळा महोत्सव उभा केला. त्यातूनच पुढे जुहूला पृथ्वी थिएटरसमोर महिन्याच्या महिन्याला खेळ होऊ लागले. दिवे लागतात, दिग्दर्शक पुढे येतात, माइक फिरू लागतो. कॅमेरा कुठला, पैसे कुठून आणले, असं कुणी कुणी विचारतं. आणि हमखास एक हात वर होतो: ती माणसं आता कुठे आहेत?

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’नंतर हा प्रश्न मला फार टोचला. महाराष्ट्राच्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवरचा हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली. पुसेगावच्या यात्रेत लहानपणी मी ते तंबू पाहिले होते. ट्रकच्या पोटातच प्रोजेक्टर असायचा आणि तिथून झोत निघायचा. या चित्रपटात रिळं जाऊन डिजिटल येतं. आयुष्यभर प्रोजेक्टर दुरुस्त करणारे प्रकाश नावाचे कारागीर आपण स्वतः बनवलेलं यंत्र दाखवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहावा असा आहे. फ्रान्समधल्या रसिकांनी तो पाहिला. जत्रेतल्या ज्या पोरांचे उजळलेले चेहरे त्यात आहेत त्यांनी तो तंबूत बसून पाहायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

तेच सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’बद्दल. २०२३ मध्ये सनडान्सला त्याला पारितोषिक मिळालं. त्यात आपली भाषा आहे, मुंबईचे दोन कोळी मित्र आहेत. राकेश किनाऱ्याजवळ वाडवडलांच्या रीतीनं जाळं टाकतो. स्कॉटलंडमध्ये शिकून आलेला गणेश खोल समुद्रात जातो, कर्जात बुडतो आणि बंदी असलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे वळतो. मासळी दोघांनाही पुरत नाही. कोण बरोबर, याचा निवाडा चित्रपट करत नाही. मैत्रीवर ताण कसा येतो ते बारकाईनं पाहतो. एका रात्री दोघं पीत बोलत बसतात, तेव्हा समुद्राचं सगळं अर्थशास्त्र त्या दोन घोटांमधल्या गप्प बसण्यात कळतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, आणि एरवी समुद्रावर असणारी माणसं घरी असतात. हा चित्रपट त्या दिवसांत वर्सोव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कोळीवाड्यांत दाखवावा. पाऊस असेल, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात. रात्री जेवणं आटोपल्यावर, बायकांनाही येता येईल अशा वेळी. दिवे लागल्यावर ती माणसं आता कुठे आहेत असं तिथे कुणी विचारणार नाही. चित्रीकरणानंतरच्या वर्षांत कुणाची होडी विकली गेली, डिझेल कितीला झालं, कोणती मासळी दिसेनाशी झाली, हे तिथली माणसंच सांगायला लागतील. दिग्दर्शिकेनं त्या रात्री कॅमेरा सोबत ठेवावा.