मनीची नखे

मांजर पाळणे ही काही बंगल्यातल्या लोकांचीच हौस नव्हे. चाळीत, वस्तीत, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, जिथे उंदीर तिथे मांजर असतेच. उरलेसुरले खाते, कोपऱ्यात झोपते. त्याच्या नखांकडे मात्र कोणी बघत नाही.

आमच्याकडे मनी आली ती शेजारच्या आजींच्या माघारी. आजी गेल्या, खोलीला कुलूप लागले आणि १२ वर्षांची ती मांजर जिन्यात बसून राहिली. चालताना लंगडत होती, जवळ गेले की फिसकारत होती. चाळीतले काही जण म्हणाले, "पोत्यात घाला आणि मार्केटात सोडून या. उद्या पोरांना ओरबाडील." आजींनी आमची पोरे सांभाळली होती. त्यांच्या मांजरीला पोत्यात घालायला आमचा हात धजेना. एक खाडा पाडून आम्ही तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेले.

डॉक्टरांनी तिचा पुढचा पंजा उघडून दाखविला. अंगठ्याचे नख गोल वळून थेट पंजाच्या गादीत रुतले होते, आत पू झाला होता. मनी रागीट नव्हती, तिला दुखत होते.

तरणी मांजर लाकूड, गोणपाट ओरबाडते आणि नखांवरचे जुने कवच गळून पडते. म्हातारीचे सांधे दुखतात, ती ओरबाडणे सोडते आणि नखे जाड होत जातात. अंगठा तर जमिनीला टेकतच नाही, म्हणून तो झिजत नाही. रुतलेले नख डॉक्टरांनीच काढावे. पण तशी पाळी येऊ नये म्हणून नखे घरीच कापता येतात.

मांजरीला बहुधा १८ नखे असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. आम्ही सुरुवातीचे काही दिवस नुसते पंजे हातात घेतले आणि सुकटीचा तुकडा दिला. आता जेवून ती पेंगली की एकजण तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतो, दुसरा नखे कापतो. बोट वरून-खालून हलके दाबले की नख बाहेर येते. उजेडात धरले की मुळाशी गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्त आणि जाणीव असते. त्याच्यापासून दोन मिलिमीटर तरी लांब राहून फक्त टोक कापायचे. म्हातारीच्या जाड नखाला आपले नेलकटर चालत नाही, नख चिरफळते. मांजरांसाठीचे धारदार कटर आणावे. कान मागे गेले, शेपटी आपटू लागली की थांबावे. दिवसाला दोन नखे झाली तरी पुष्कळ.

चुकून रक्त आलेच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर किंवा साधे पीठ लावून काही मिनिटे दाबून धरावे. थांबले नाही तर डॉक्टर गाठावा. काही जण नखे मुळासकट काढायला सांगतात. त्यात बोटाचे शेवटचे हाडच तोडतात. तसे कधीही करू नये.

आणि माणसाला चावा बसला किंवा ओरखडा आला तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. रोग एकदा झाला की त्याला औषध नाही. मांजरीलाही दरवर्षी लस टोचून घ्या.

मनी आता लंगडत नाही. पोरांच्या पुस्तकांवर खुशाल झोपते, आणि पोत्याची भाषा चाळीत पुन्हा कोणी काढली नाही. तुमच्याकडे म्हातारी मांजर असेल तर आज रात्री ती पेंगली की तिचा अंगठा तेवढा बघून घ्या.